क्लेमची पिशवी

[दृश्य: पत्र्याचं घर. खिळ्याला टांगलेली पिशवी खाली उतरते. जमिनीवर एकेक कागद मांडला जातो.]

पिशवी कापडाच्या दुकानातली, दिवाळीच्या खरेदीची. आता तिच्यात रेशनकार्ड आहे, मयताचं आधार आहे, एफआयआरची झेरॉक्स आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आहे. आणि मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याच्या, वहीतल्या एका पानाचा फोटो, मोबाइलवर काढून प्रिंट केलेला.

गाव बीड जिल्ह्यातलं. मयताच्या बायकोनं, ताईंनी, नाव सांगितलं, पण व्हिडिओत घालू नका म्हणाल्या. सासू शेजारी बसून आहे. दोन मुलं शाळेत गेली आहेत.

[दृश्य: पहाटेचा रस्ता. उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग, मागून येणाऱ्या वाहनांचे दिवे.]

ही रांग आम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या रस्त्यावर टिपली. अशाच एका पहाटे, अशाच रांगेतल्या एका गाडीला मागून ट्रकनं उडवलं. गाडीवान जागीच गेला. उजवीकडचा बैलही गेला.

पोलिसांनी ट्रकचालकावर निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा नोंदवला. घरच्यांना वाटलं, केस झाली. इथेच बहुतेक कुटुंबं फसतात. ती केस सरकारची, चालकाला शिक्षा व्हावी म्हणून. भरपाईचा दावा वेगळा. तो घरच्यांनीच दाखल करायचा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. गावाच्या भाषेत, क्लेम.

[दृश्य: एसटी स्टँड, बीड. फलाटावर उभी माणसं.]

अपघात तिकडे झाला, मग केसही तिकडेच चालणार, असं ताईंना सांगण्यात आलं होतं. ते खोटं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 166 सांगतं की अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. म्हणजे बीडला. प्रत्येक तारखेला रात्रीची एसटी आणि एक दिवसाची मजुरी, दोन्ही वाचतात.

मुदत मात्र आखूड आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायला सांगितलं. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असताना माणूस दहाव्यानंतर फडात परत जातो आणि गावी येतो तेव्हा मुदत संपत आलेली असते.

[दृश्य: न्यायालयाचं आवार. टायपिस्ट, छत्र्या, चहाची टपरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पाटी.]

न्यायालयाच्या दालनात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून आम्ही या पाटीजवळ जास्त वेळ थांबलो. थांबण्यासारखीच जागा आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, सगळं प्राधिकरणाकडे. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते. फोन करायचा तर 15100.

या खिडकीपर्यंत पोचायच्या आधी ताईंकडे दुसरं कुणीतरी पोचलं होतं. दहावं व्हायच्या आत. खर्च काही नको, निकाल लागल्यावर टक्केवारी द्या, आणि या कोऱ्या कागदांवर अंगठे. निकालाच्या रकमेतला हिस्सा ठरवून घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. दलाल तर वकीलही नसतो. सासूनं अंगठा दिला नाही. का, विचारलं तर म्हणाली, "मेलेल्या माणसावर कसली टक्केवारी?"

[दृश्य: विधी स्वयंसेवक बाई वहीत आकडे मांडताना. हाताचा क्लोजअप.]

या बाई प्राधिकरणाच्या स्वयंसेवक. मानधन जेमतेम. त्या वहीत जे मांडतायत ते नीट बघा, कारण दावा इथे उभा राहतो.

सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात भरपाई मोजायची रीत ठरवून दिली. मयताचं महिन्याचं उत्पन्न 12,000 धरलं, तर वर्षाचं 1,44,000. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या कष्टावर कमावणारा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 2,01,600. त्याचा स्वतःचा खर्च वजा. मागे बायको, दोन मुलं, आई असे चौघं अवलंबून, म्हणून चौथा हिस्सा वजा. उरले 1,51,200. वय 31 ते 35 असेल तर याला 16 नं गुणायचं.

24,19,200. अंत्यविधीचा खर्च आणि कुटुंब दुरावल्याची रक्कम वेगळी.

आता याच हिशेबात सासूचं नाव राहून गेलं असं धरा. दलाल घाईत बायको आणि मुलंच घालतात. अवलंबून तिघं झाले की चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा वजा होतो. 2,68,800 रुपये कमी.

उत्पन्न 12,000 ऐवजी 8,000 धरलं तर? 8,06,400 कमी. ऊसतोड्याला कुणी पगाराची स्लिप देत नाही. म्हणून मुकादमाच्या वहीतलं ते पान. कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, उचल किती दिली, टनाला भाव काय, सगळं त्यावर आहे. मुकादम साक्षीला येईल का? याचं उत्तर त्यानं आम्हाला दिलं नाही.

[दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. जुनं दाखल-खारीज रजिस्टर.]

आणि वय. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी. ज्यांना तारीख सांगता आली नाही अशा किती जणांचा जन्म त्याच दिवशी झालाय, आपापल्या गावात बघा. त्या तारखेनं मयत 36 चा ठरतो, म्हणजे 16 ऐवजी 15 नं गुणायचं. एका वर्षानं दीड लाख जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, त्याआधी शाळा सोडल्याचा दाखला बघा. मयत सातवीपर्यंत शिकला होता. रजिस्टर सापडलं. वय 35. गुरुजींनी धूळ झटकून पान दाखवलं तेव्हा ताई पहिल्यांदा शाळेच्या आत आल्या.

[दृश्य: पंचनाम्याचा कागद. रस्त्याच्या कडेला सांडलेल्या उसाचा पोलिसांनी काढलेला फोटो.]

भरपाई द्यायची ती ट्रकच्या विमा कंपनीनं, आणि तिचं म्हणणं ठरलेलं असतं: बैलगाडीला मागे रेडियम नव्हतं, चूक गाडीवानाचीही. ती चूक जितके टक्के मानली जाईल तितके टक्के भरपाईतून कापले जातात. उत्तर याच कागदात आहे. घटनास्थळ पंचनाम्यात डांबराची रुंदी आहे, गाडी डाव्या कडेला होती हे आहे, ऊस कुठपर्यंत फेकला गेला ते आहे. फोटोत मागच्या फळीला चिकटलेली लाल पट्टीही दिसते. अर्धी, पण दिसते.

2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला कळवायचा आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. ताईंच्या पिशवीत तो नव्हता. मागणीचा अर्ज वकिलांनी लिहून दिला आणि अहवाल आला.

बैलाची किंमतही याच अर्जात मागितली आहे. कुणी सुचवलं नव्हतं, ताईंनीच विचारलं, "त्याचं काय?"

[दृश्य: पिशवी पुन्हा खिळ्याला. मुलगी दप्तर ठेवते.]

मुदतीच्या आठ दिवस आधी दावा दाखल झाला. रक्कम मिळाली तर मुलांचा वाटा साधारणपणे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहील, ताईंच्या हातात थोडेच येतील. मधल्या काळात लोकअदालतीत तडजोडीची विचारणा होईल. तिथला निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही. म्हणून वहीतलं ते पान ताईंनी पाठ केलंय. कितीच्या खाली हो म्हणायचं नाही, ते त्यांना माहीत आहे.

[दृश्य: दसऱ्यानंतरची सकाळ. ट्रॅक्टर, त्यावर भांडी, पालाचं सामान, माणसं. ताई चढतात.]

यंदाचा कोयता भावाबरोबर. पुढची तारीख डिसेंबरात. त्या दिवशी सासू पिशवी घेऊन बीडला जाणार आहे.