कोणता पॅटर्न?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात अभियांत्रिकीचे पुस्तक मागितले, की काउंटरपलीकडून आधी प्रश्न येतो, "कोणता पॅटर्न?" २०१९ म्हणणाऱ्यापुढे एक गठ्ठा येतो, २०२४ म्हणणाऱ्यापुढे दुसरा. पॅटर्न म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवलेला अभ्यासक्रम. कॉम्प्युटरची पदवी कोठून घ्यावी याचा विचार महाविद्यालयाच्या कमानीपासून नव्हे, तर अभ्यासक्रम कोण ठरवतो आणि पेपर कोण काढतो, येथून सुरू झालेला बरा.

१९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत पुण्याचा आणि नाशिकचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवतो. त्यामुळे अशा दोन महाविद्यालयांतला फरक अभ्यासक्रमात सापडत नाही. तो शिकवणाऱ्यांत, प्रयोगशाळेला किती वाजता कुलूप लागते यात आणि शेजारच्या बाकावर कोण बसते यात असतो. स्वायत्त महाविद्यालय मात्र अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षाही स्वतः घेते, आणि तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते. शिकवणारा आणि पेपर काढणारा बहुधा एकच असल्याने चांगल्या प्राध्यापकाच्या हाती या मोकळिकीचे सोने होते. कंटाळलेल्याच्या हाती काय होते, ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारावे.

शिवाजीनगरच्या सीओईपीची, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे हिची, तऱ्हा आणखी वेगळी. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करायला १८५४ साली निघालेली ही संस्था २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाली, त्यामुळे पदवीही तिची स्वतःची. खासगी विद्यापीठांचे माहितीपत्रक चकचकीत असते. तेथे शुल्काचा तक्ता आधी वाचावा, कारण वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेल्या प्रवेशासाठी आहे, परस्पर घेतलेल्या प्रवेशासाठी नाही.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा विषय पुण्यातल्या घरांत बहुतेक वेळा 'सीईटी (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) बिघडली तर' एवढ्यापुरताच निघतो. हा त्या पदवीवर अन्याय आहे. गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या जोडीने शिकवला जाणारा हा अभ्यासक्रम, प्रोग्राम चालतो एवढ्यावर ज्याचे समाधान होत नाही आणि तो का चालतो हेही ज्याला हवे असते, त्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या ड्रॉइंगपेक्षा अधिक मानवू शकतो.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात आज ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपसाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरण्याची शेवटची संध्याकाळ आहे. वडिलांनी गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पानांवर पिवळ्या रेघा ओढल्या आहेत, तर मुलीने दोन महाविद्यालयांचे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून ऑपरेटिंग सिस्टीम्सला प्रात्यक्षिकाचे तास किती आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन सक्तीचे की ऐच्छिक, एवढेच तपासले आहे. वहीत पसंतीच्या महाविद्यालयांचे आणि शाखांचे चॉइस कोड पेन्सिलीने लिहिले आहेत. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते, हे दोघांनाही ठाऊक आहे. वहीची पहिली ओळ आतापर्यंत तीनदा खोडली गेली आहे; खोडरबर अजून आईच्या हातात आहे.