प्रिंटर नेमका कधी जोडायचा?

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बहुतेक जण कॉलेजच्या लॅब सांभाळता. सबमिशनचा आठवडा आला की जर्नलं छापायला मुलांची रांग लागते, आणि त्याच वेळी एखाद्या मशीनवर प्रिंटर दिसत नाही. त्या मुलाचा चेहरा मला पाहवत नाही, म्हणून हा विषय मी आज मुद्दाम मागून घेतला.

एका मे महिन्यात आम्ही साठ मशीनवर फेडोरा हे लिनक्स टाकलं. किकस्टार्टची, म्हणजे इन्स्टॉल आपोआप करून घेणाऱ्या सूचनांची, फाइल एकच. भाषा, डिस्कचे भाग, खाती, सॉफ्टवेअर सगळं त्यात लिहिलेलं. मशीन नेटवर्कवरून सुरू करायचं आणि बाजूला व्हायचं. फाइलच्या शेवटी ‘पोस्ट’ नावाचा भाग असतो, त्यातल्या आज्ञा सॉफ्टवेअर उतरून झाल्यावर चालतात. तिथे मी प्रिंटरसाठीच्या एलपीॲडमिन या आज्ञेची एक ओळ घातली होती: या नावाचा प्रिंटर जोड. साठही मशीन छान उठली, प्रिंटर मात्र एकावरही नव्हता. स्क्रीनवर चूक दाखवणारं एक अक्षर नाही. दोन दिवस मी केबल आणि स्विच तपासत बसलो.

चूक वेगळीच होती. लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर पाहतं. मायकेल स्वीट यांनी ते लिहायला १९९७ मध्ये घेतलं, पुढे ॲपलनेही आपल्या मॅकसाठी ते स्वीकारलं. एलपीॲडमिन स्वतः काहीच जोडत नाही. ते फक्त निरोप्या आहे. पाठीमागे चालू असलेल्या कप्सच्या सेवेला तो निरोप देतो आणि नोंद ती सेवा करते. ‘पोस्ट’च्या वेळी मात्र नवी सिस्टीम झोपलेली असते. तिच्या फाइली डिस्कवर आहेत, पण तिची एकही सेवा सुरू नाही. निरोप घेणारंच कुणी नसतं. आणि ‘चूक झाली तर थांब’ असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर किकस्टार्ट ‘पोस्ट’मधली चूक सोडून पुढे जातं. माझी चूक लॉगमध्ये पडून होती, तो मी उघडलाच नव्हता.

तेव्हापासून मी इन्स्टॉलच्या वेळी प्रिंटर जोडत नाही, पहिल्या बूटसाठी चिठ्ठी ठेवतो. ही चिठ्ठी म्हणजे सिस्टमडीची, लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची, एक छोटी सेवा. ती ‘पोस्ट’मध्ये एनेबल करता येते, कारण एनेबल करणं म्हणजे डिस्कवर एक दुवा तयार करणं, त्याला काही चालू असावं लागत नाही. मशीन पहिल्यांदा उठतं, नेटवर्क येतं, कप्स जागं होतं, मग चिठ्ठी वाचली जाते. काम झालं की खुणेची एक फाइल ठेवायची, म्हणजे पुढच्या बूटला तेच पुन्हा होत नाही. पण ही खूण काम यशस्वी झाल्यावरच ठेवा. हल्लीचे प्रिंटर ‘एव्हरीव्हेअर’ पद्धतीने, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय जोडता येतात. त्यासाठी कप्स त्या क्षणी प्रिंटरलाच विचारतं: कागद कोणते, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतोस का. प्रिंटर बंद असेल तर उत्तर येत नाही आणि जोडणी होत नाही. खूण आधीच ठेवली असेल, तर मशीन पुन्हा विचारणारही नाही.

पत्त्यात आयपीचे आकडे लिहू नका, नाव लिहा. प्रिंटर बदलला की डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, एक नोंद बदलायची, साठ मशीनना हात लावायचा नाही.

आता कागद. भाषा निवडताना अमेरिकन इंग्रजी तशीच राहिली, तर कागदाचं माप लेटर धरलं जाण्याची शक्यता असते. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए-फोर २१० बाय २९७. प्रिंटर ट्रेमध्ये नसलेला कागद मागत थांबतो आणि मुलांना वाटतं तो बिघडला. म्हणून चिठ्ठीतच ए-फोर ठरवून टाका.

विंडोजवर प्रश्न ‘कधी’चा आहेच, शिवाय ‘कोणासाठी’चाही आहे. सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या प्रिंटरची जोडणी तिथे साधारणपणे वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये राहते. सेटअपनंतरची स्क्रिप्ट चालते सिस्टीम या खात्याने. तिने केलेली जोडणी त्याच खात्याकडे जाते, लॉगिन करणाऱ्या विद्यार्थ्याला ती दिसत नाही. यासाठी विंडोजच्या प्रिंटयूआय या आज्ञेचा ‘जीए’ पर्याय आहे. तो जोडणी मशीनच्या नावावर करतो, मग लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळते. ड्रायव्हरचं मात्र उलट आहे, तो इन्स्टॉलच्या वेळीच टाका. २०२१ मधल्या प्रिंटनाइटमेअर या विंडोजच्या छपाईतल्या सुरक्षा-त्रुटीनंतर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. सर्व्हरवरून नवा ड्रायव्हर घ्यायला आता मुळातच ॲडमिनचे अधिकार लागतात. ते विद्यार्थ्याकडे नसतात, इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टकडे असतात.

तपासताना ॲडमिनने लॉगिन करून पाहू नका. त्या मशीनवर कधीच न बसलेल्या विद्यार्थ्याचं खातं घ्या आणि मराठी मजकुराचं एक पान छापा.

मघाशी एका सरांनी विचारलं, आमचा प्रिंटर जुना आहे, ९१०० पोर्टशिवाय, म्हणजे छपाईचा डेटा थेट पाठवायच्या जुन्या वाटेशिवाय, त्याला काही कळत नाही, त्याचं काय? सर, त्याचा ड्रायव्हर साठ ठिकाणी टाकू नका. एका जुन्या मशीनवर कप्स बसवा, ड्रायव्हर तिथे ठेवा आणि तिथून प्रिंटर शेअर करा. लॅबमधली लिनक्स मशीन त्या सर्व्हरशी ६३१ पोर्टवर आयपीपी या छपाईच्या भाषेत बोलतील. त्यांच्या दृष्टीने तो ड्रायव्हर न लागणारा नवा प्रिंटरच असेल, आणि पहिल्या बूटची तीच चिठ्ठी पत्ता बदलून तशीच चालेल.