पेशंट समोर नसताना

आमच्या मानसोपचाराच्या ओपीडीत एक प्रकार वारंवार होतो. नवरा येतो, बरोबर त्याची आई, आणि पेशंट घरी. मोबाईलवर चॅटचे स्क्रीनशॉट दाखवतात, "डॉक्टर, बघा ना, रात्री दोन वाजता काय काय लिहिते ही, आम्ही नेटवर वाचलंय, बॉर्डरलाइनच आहे, तेवढं लेटरहेडवर लिहून द्या." बॉर्डरलाइन म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, भावना आणि नाती सारखी टोकाला जातात असा व्यक्तिमत्त्वाचा आजार. लेटरहेड कशाला हवंय ते वेगळं सांगायला नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि 1976 च्या दुरुस्तीत त्यात 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' हा शब्दही घातला. आता नुसत्या निदानावर घटस्फोट मिळत नाही, 1988 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्किझोफ्रेनियाच्या केसमध्येसुद्धा हेच सांगितलं, की आजार किती आणि कसा ते बघा. पण कोर्टात काय टिकेल ते पुढचं पुढे, घरात मात्र त्या कागदाचा वापर त्याच संध्याकाळी सुरू होतो! म्हणून न बघितलेल्या माणसाबद्दल मी ओळसुद्धा लिहून देत नाही.

बरं, हे निदान किती निसरडं आहे बघा. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात, बॉर्डरलाइनचे 9 निकष, त्यातले कुठलेही 5 बसले की झालं. म्हणजे दोन पेशंट असे असू शकतात की ज्यांच्यात एकच निकष सारखा, बाकी सगळं वेगळं, आणि नाव मात्र एकच. आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, व्यक्तिमत्त्वाच्या आजारांची बहुतेक जुनी नावं काढून आजार सौम्य, मध्यम की तीव्र एवढंच आधी ठरवायचं असं केलंय, बॉर्डरलाइन पॅटर्न तेवढा जोडता येतो. मला ते बरं वाटतं, पण फाईलवर शिक्का बसायचा तो बसतोच.

आणि तो शिक्का काय करतो ते कॅज्युअल्टीत जाऊन बघा. मनगट कापून घेतलेली मुलगी येते, टाके घालणारा रेसिडेंट मान वर न करता सिस्टरला म्हणतो, "परत आली ही, बॉर्डरलाइन आहे," आणि ती सगळं ऐकत असते. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही बॉर्डरलाइनसाठीची बोलण्यातून, सरावातून करायची थेरपी ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनहान स्वतः तरुणपणी हॉस्पिटलमध्ये होत्या, स्वतःला इजा करून घ्यायच्या, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्याबद्दलही तेव्हा कुणीतरी असंच बोललं असेल.

आमच्यातले बरेच जण दुसरं टोक गाठतात, पेशंटला सांगतच नाहीत. 'बायपोलर' (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) लिहून टाकतात, कारण ते सांगायला सोपं, गोळ्या लगेच सुरू करता येतात. उपचारांच्या गाईडलाइन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2009 च्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट आहे की या आजारासाठी म्हणून खास औषध देऊ नका. मग उरते थेरपी, पूर्ण डीबीटी म्हणजे साधारण वर्षभर दर आठवड्याला यायचं, तालुक्याच्या गावातून कोण येणार आणि पैसे कुठून आणणार? उपचार हाताशी नसताना नाव सांगावं का, असं विद्यार्थी विचारतात. मी म्हणतो सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला स्वतःचे कागद बघायचा हक्क दिलाय, उद्या फाईल उघडल्यावर तिला कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळू दे.

मी 9 निकषांचा कागद तिच्यासमोर ठेवतो आणि एकेक वाचतो, बाकीच्यांना बाहेर बसवून. जिथे ती "हे माझं नाही" म्हणते तिथे प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढच्या भेटीला परत विचारतो. यात वेळ जातो, बाहेर बसलेले चिडतात. चिडू देत.