अंडं गेलं, असं ठरवण्याआधी

[अंधारी खोली. उबवणपेटीतलं कासवाचं अंडं. टॉर्च कवचाला टेकतो.]

अख्खं अंडं आतून उजळलंय. वरच्या बाजूला बघा. लालसर उजेडात बारीक रेषा दिसताहेत, फाटे फुटत खाली उतरताहेत. या रक्तवाहिन्या. मधला गडद ठिपका म्हणजे गर्भ. जरा थांबा... हललाय तो. हे अंडं जिवंत आहे.

अंडं कोणी उचललेलं नाही, टॉर्चच त्याच्याजवळ नेलाय. कोंबडी उबवताना अंडी सारखी फिरवते. कासवाच्या अंड्याला ते मानवत नाही. पक्ष्याच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना पीळदार दोरांनी तोललेला असतो. इथे ते दोर नाहीत. अंडं घातल्यावर पहिल्या दिवसाभरातच गर्भ वर येऊन कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटू लागतो. मग अंडं उलटलं तर गर्भ दगावू शकतो. कवचावरची ती पेन्सिलीची फुली वरची बाजू दाखवते. अंडं मातीतून काढायच्या आधीच केलेली ती खूण.

[दिवसाचा उजेड. दोन अंडी शेजारी शेजारी.]

टॉर्चशिवायही एक खूण दिसते. डावीकडचं अंडं ताजं, किंचित गुलाबी छटेचं. उजवीकडचं काही दिवसांचं. त्याच्या माथ्यावर खडू घासल्यासारखा पांढरा डाग उमटलाय. गर्भ चिकटतो तिथला ओलावा शोषला जातो आणि तेवढं कवच अपारदर्शक होतं. गर्भ वाढतो तसा डाग पसरतो, त्याचा पट्टा होतो आणि हळूहळू बहुतेक अंडं पांढरं पडतं.

डाग दिसला नाही की लोक अंडं वांझ ठरवून मोकळे होतात. ही घाई आम्हाला मान्य नाही. मादीच्या पोटात ऑक्सिजन तुटपुंजा असतो, म्हणून गर्भ तिथे वाढ थांबवून बसतो. बाहेर हवा मिळाली की वाढ पुन्हा सुरू होते. पण सगळ्या जातींत लगेच नाही. लेपर्ड कासवासारख्या जातींची अंडी मधे थंडीचा काळ मिळून पुन्हा ऊब लागेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही, जशीच्या तशी राहू शकतात.

[सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर अंड्याचा पडदा.]

2023 मध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी न फुटलेली कासवांची अंडी अशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. साध्या डोळ्यांना ज्यांत काहीच वाढ दिसत नव्हती, त्यांतली बहुतेक अंडी फलित निघाली. गर्भ अगदी सुरुवातीलाच दगावले होते. म्हणजे टॉर्चमध्ये नुसता स्वच्छ पिवळा उजेड दिसला, एवढ्यावरून नराला दोष देता येत नाही. आधी पेटीतलं तापमान आणि ओलावा तपासायला हवा.

[पुन्हा अंधार. वेगळं अंडं.]

हे मात्र गेलंय. रक्तवाहिन्या विरल्यात, एक लाल कडं तेवढं उरलंय. असं अंडं पुढे करडं पडतं, कुजका वास येतो, कवचातून पाणी झिरपतं. ते बाजूला काढायचंच. नुसती बुरशी दिसली तर कोरड्या कापसाने हलकेच पुसून घ्या. केसाएवढा तडा गेलेल्या अंड्यातूनही पिल्लू येऊ शकतं. घाईने फेकलेल्या अंड्यांबरोबर जिवंत अंडीही जातात.

[उबवणीचे शेवटचे दिवस.]

आता टॉर्च लावला तर आत काळोख. एका टोकाला हवेची तेवढी उजळ पोकळी. फसगत इथेच होते. रक्तवाहिन्या दिसत नाहीत, कारण पिल्लाने अंडं भरून टाकलंय. शंका असेल तर हे यंत्र बघा. अंडं फुलीची बाजू वर ठेवूनच आत ठेवलंय. अवरक्त किरण कवचापार जातात आणि हृदयाचे ठोके पडद्यावर उमटतात.

[कवच फोडणारं पिल्लू.]

याला बाहेर यायला एक-दोन दिवस लागतील. पोटाशी बलकाची पिशवी अजून आहे, ती आत शोषली जाईपर्यंत हात लावू नका. शेजारची अंडी शांत आहेत. एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतही काही दिवसांचा, कधी आठवड्यांचा फरक पडतो. वास नाही, झिरपणं नाही, तोवर पेटी चालू राहू द्या.