आंब्याच्या खोडावरचं बाशिंग

(साताऱ्यात पावसाळ्याच्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, टेबलावर पोत्यात गुंडाळलेलं हे जे आहे, ते मी झाडावरून तोडून आणलेलं नाही, हे आधीच सांगतो. मेढ्याच्या रस्त्याला जुन्या आंब्याची एक फांदी वाऱ्यानं मोडून पडली होती. तिच्यावर हे होतं. फांदी उचलायला आलेला गडी म्हणाला, "मास्तर, ह्ये बांडगूळ कशाला नेताय?"

आज मला बोलायचंय ते याच एका वाक्यावर.

हे बांडगूळ नव्हे, हा नेचा आहे, म्हणजे फर्न. आपल्याकडे याला बाशिंग म्हणतात, काही ठिकाणी अश्वकात्री. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधावं तसा हा झाडाच्या खोडाला बांधलेला दिसतो, म्हणून ते नाव पडलं असावं. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया. यातला 'क्वर्सिफोलिया' म्हणजे ओकच्या पानांचा, आणि ड्रायनेरिया हे नावही ओकसाठीच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. म्हणजे एका नावात ओक दोनदा! आपल्याला सातारकरांना ओक म्हटलं की आडनाव आठवतं, झाड नाही. लिनियसनं १७५३ साली याला पॉलिपोडियम या मोठ्या प्रजातीत घातलं, १८४१ मध्ये तो ड्रायनेरियात आला, आणि अलीकडे काही तज्ज्ञ त्याला अ‍ॅग्लाओमॉर्फा म्हणतात. शास्त्रज्ञांची नावं बदलत राहतात. बाशिंग आहे तिथंच आहे.

आता हे पाहा. याला दोन तऱ्हेची पानं आहेत. पहिलं पान हे: रुंद, बसकं, देठ नाही, कडेला उथळ खाचा, तपकिरी, कुरकुरीत. हात लावला की पापडासारखं वाजतं. कुणीही म्हणेल, वाळलेलं पान. दुसरं हे: हातभर ते त्याहूनही लांब, देठदार, हिरवं, आणि मधल्या शिरेपर्यंत जवळजवळ कापलेलं. दोन्ही एकाच खोडाला आलेली. हे जाड, मांसल, तांबूस खवल्यांनी झाकलेलं जे सालीवरून सरपटतंय ना, ते खोड. अनेकांना वाटतं ही दोन वेगळी झाडं आहेत.

तर ते तपकिरी पान मेलेलं आहे, पण निरुपयोगी झालेलं नाही. उगवताना ते हिरवंच असतं. थोड्याच दिवसांत वाळतं, पण गळत नाही, वर्षानुवर्षं तसंच चिकटून राहतं. अशी पानं एकावर एक बसून खोडाभोवती टोपली तयार होते. वरून पडलेला पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, सगळं त्या टोपलीत अडकतं, कुजतं, आणि त्याच खतात या नेच्याची मुळं शिरतात. जमिनीपासून तीस फुटांवर माती कुठून आणायची? यानं स्वतःची कुंडी स्वतःच बांधली. फांदीवरच्या या टोपलीत मी आत्ता हात घालतो... बघा, ओली काळी माती निघाली, आंब्याची पानं अर्धी कुजलेली, आणि ही मुंगी.

हे मला फार उशिरा कळलं. नोकरीला लागलो त्या वर्षी बाशिंगाचा एक तुकडा घरी आणून परसातल्या खोडाला सुतळीनं बांधला होता. चांगला रुजला. मग एके दिवशी माझ्यातला टापटीपवाला जागा झाला. "वाळकी पानं कशाला ठेवायची" म्हणून मी ती एकेक करून ओढून काढली. रोप स्वच्छ, देखणं दिसायला लागलं. पुढच्या एप्रिलपर्यंत ते संपलं होतं. वनस्पतिशास्त्राचा मास्तर मी! आमच्या आईनं एवढंच विचारलं, "त्याची टोपली कशाला मोडलीस रे?" तिनं एकाही पुस्तकात ते वाचलं नव्हतं.

बांडगुळात आणि यात फरक ओळखणं अवघड नाही. बांडगूळ फांदीच्या आत घुसतं, तिचा रस ओढतं. जिथं घुसतं तिथं फांदीला गाठ येते, आणि त्याला रीतसर फुलं-फळं येतात. बाशिंगाला फूल कधीच येत नाही, कारण कुठल्याच नेच्याला येत नाही. त्याचं खोड सालीवर नुसतं टेकलेलं असतं. हे बघा, मी हलक्या हातानं उचलतोय, खालची साल जशीच्या तशी. झाडाचा रस तो पीत नाही. फांदी मुळातच पोखरलेली असेल, तर ओल्या टोपलीचं वजन तिला जड जाऊ शकतं, एवढं मान्य करायला हवं. आंबा मोहरला नाही की दोष याला देतात, त्यात मात्र काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात पाहाल तर ओळखायची आणखी एक खूण मिळेल. हिरव्या पानाचे फाटे सांध्यातून गळून पडतात आणि मधली शीर तेवढी काटकीसारखी उभी राहते. टोपलीतून बाहेर डोकावणाऱ्या अशा काटक्या लांबूनही दिसतात.

पक्की खूण मात्र पानाच्या पाठीवर. नेच्याची ओळख पानाच्या तोंडावरून करू नका, पालथं करा. या हिरव्या पानाच्या मागं फाट्याच्या शिरांच्या मधोमध बारीक गोल ठिपके दिसतायत, दोन-दोन ओळींत. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूधानींचा पुंजका, त्यावर झाकण नाही. बीजाणू म्हणजे धुळीसारखे बारीक कण, नेच्याला बियांच्या जागी तेच; आणि ते ज्यात भरलेले असतात ती बीजाणूधानी. महाबळेश्वरच्या बाजूला झाडांवर लेपिसोरस नावाचा दुसरा नेचाही भेटतो. त्याचं पान तलवारीसारखं अखंड, आणि ठिपके मोठे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ. तिथंच जमिनीवर माजलेला उंच नेचा पाहिलात तर तो टेरिडियम. त्याचे बीजाणू पानाच्या दुमडलेल्या कडेखाली असतात. एकदा पाठ बघायची सवय लागली की गोंधळ फारसा राहत नाही.

त्या ठिपक्याला भिंग लावा. एकेक बीजाणूधानी म्हणजे देठावरची इवली डबी. डबीच्या पाठीवरून जाड पेशींची एक पट्टी जाते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, पट्टी मागं ताणली जाते, डबी फाटते. ताण असह्य झाला की पट्टी फटकन पुढं येते आणि बीजाणू भिरकावले जातात. राखणीला बसलेल्या पोरानं गोफण फिरवावी तसं. बीजाणू ओल्या सालीवर पडला तर त्यातून थेट बाशिंग उगवत नाही. आधी नखाएवढी, हृदयाच्या आकाराची हिरवी टिकली येते. तिच्यावर नर पेशी तयार होतात आणि मादी पेशीकडे त्या चक्क पोहत जातात. त्यासाठी पाण्याचा पातळसा थर हवाच. म्हणून हा नेचा जावळीत, कोयनेकडे, महाबळेश्वरच्या घाटात जुन्या झाडांवर आणि कड्यांवर शोधा. कोरड्या माणदेशात हिंडून पाय दुखवू नका.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: "हाडांना चांगलं म्हणून याचा काढा विकतात, घ्यावा का?" ताई, चीनमध्ये याच्याच एका भावंडाचं खोड मोडलेल्या हाडांसाठी वापरतात, हे खरं. पण मी मास्तर आहे, वैद्य नाही. बाजारात वाळलेला तुकडा पाहून तो बाशिंगाचाच आहे हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही, कारण ओळखायची पानंच त्यावर नसतात.

काल रात्री मी पानाचा एक फाटा पाठ खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवला, वर वही दाबली. सकाळी उचलला तर ही बारीक धूळ, ओळींच्या ओळी, ठिपका तिथं ठिपका. घरी तुम्हीही करून बघा, पंखा मात्र बंद ठेवा. कागद इथं टेबलावर आहे. भिंग एकच आहे, तेव्हा रांगेनं या, आणि जवळ येऊन शिंकू नका.