इडा: राप चढलेला एक दगड

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी एका दगडाविषयी बोलणार आहे. हा दगड सुमारे ६० किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद आहे. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात तो सूर्याभोवती फिरतो. एका फेरीला त्याला चार वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. स्वतःभोवती मात्र तो चार तास अडतीस मिनिटांतच गिरकी घेतो. त्याचा क्रमांक २४३ आणि नाव इडा.

या पट्ट्यात लाखो लघुग्रह आहेत. त्यातून मी इडाच का निवडला? तर पृथ्वीवर जे दगड आकाशातून पडतात ते नेमके येतात कुठून, हा वाद कित्येक वर्षं चालू होता आणि तो सुटण्याची पहिली भक्कम खूण या इडावर सापडली. मला स्वतःला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

इडाचा शोध लागला २९ सप्टेंबर १८८४ रोजी, व्हिएन्नाच्या वेधशाळेत. शोधणारे होते योहान पालिसा. दुर्बिणीला डोळा लावायचा, ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहायचं, नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला की तो जागा बदलतो का यावर पुढच्या रात्री नजर ठेवायची, अशी त्यांची पद्धत. फोटोच्या काचांची मदत न घेता, फक्त दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहून या माणसाने १२२ लघुग्रह शोधले. आयुष्यभर रात्री जागवणाऱ्या माणसाच्या चिकाटीपुढे मान आपोआप झुकते. इडा हे नाव ग्रीक पुराणातल्या एका अप्सरेचं. क्रीट बेटावर तिने बाळ झ्यूसला वाढवलं, अशी कथा आहे.

पुढची शंभरेक वर्षं इडा हा दुर्बिणीतला एक ठिपका होता. पण ठिपक्याकडूनही बरंच काही कळतं. सूर्याचा प्रकाश दगडावरून परावर्तित होताना त्यातले काही रंग दगडातली खनिजं गिळून टाकतात. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन ही खनिजं डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात आपली ठरावीक खूण ठेवतात. इडाच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, ती खूण दिसली आणि त्याची गणना एस प्रकारच्या, म्हणजे खडकाळ लघुग्रहांमध्ये झाली. पट्ट्याच्या आतल्या भागात, मंगळाकडच्या बाजूला, या प्रकाराची गर्दी आहे.

आता खरं कोडं सांगतो. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या दर दहा अशनींपैकी, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या दगडांपैकी, आठ तरी ‘साधारण कोंड्राइट’ नावाच्या जातीचे असतात. असा अशनी हातात घेतला तर वरून काळी, पातळ साल दिसते. वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळला त्याची ती खूण. पण तो कापून घासून गुळगुळीत केला की आत करड्या रंगात बारीक गोल दाणे दिसतात, साधारण मिलिमीटरभराचे, आणि मधूनमधून लोखंडाचे चमकणारे कण. हे गोल दाणे म्हणजे सूर्यमाला घडत असताना वितळून थिजलेले थेंब. साडेचार अब्ज वर्षांचा ऐवज तळहातावर मावतो.

इतके अशनी जर याच जातीचे, तर त्यांचे जनक लघुग्रहही आकाशात मुबलक असायला हवेत. जागा, संख्या, खनिजं, सगळ्यांवरून संशय एस प्रकारावरच जायचा. पण वर्णपट जुळेना! प्रयोगशाळेत कोंड्राइटची पूड तपासली की ती वेगळी दिसे. लघुग्रह तिच्यापेक्षा तांबूस आणि गडद, आणि खनिजांच्या खुणा फिकट. काही शास्त्रज्ञ म्हणायचे, हे वेगळेच दगड आहेत, कोंड्राइटचे जनक दुसरीकडे शोधा. काहींचं म्हणणं, दगड तोच आहे, त्याचा फक्त पृष्ठभाग बदललाय. दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती आणि दुर्बिणीतून निकाल लागण्यासारखा नव्हता.

मग गॅलिलिओ यान आलं. १९८९ साली गुरूकडे निघालेल्या या यानाने वाटेत, ऑक्टोबर १९९१ मध्ये, गास्प्रा नावाच्या लघुग्रहाचे फोटो घेतले. लघुग्रहाच्या इतक्या जवळून एखादं यान जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर २८ ऑगस्ट १९९३ रोजी ते इडापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून, सेकंदाला बारा किलोमीटरहून अधिक वेगाने निघून गेलं.

यानाची एक मोठी अडचण होती. घडी करून नेलेला त्याचा मुख्य अँटेना पूर्ण उघडलाच नव्हता. लहान अँटेनावरून माहिती अगदी थेंबाथेंबाने यायची, म्हणून इडाचे फोटो टेपवर साठवले आणि महिनोन्महिने पृथ्वीकडे पाठवले. आख्खे फोटो मागवणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे आधी प्रत्येक फोटोतल्या काही बारीक आडव्या पट्ट्या तेवढ्या मागवायच्या, इडा फोटोत कुठे आहे ते पाहायचं आणि मग तेवढाच भाग उतरवून घ्यायचा. १७ फेब्रुवारी १९९४ रोजी या पट्ट्या तपासताना गॅलिलिओ मोहिमेतल्या ॲन हार्च यांना इडाच्या बाजूला आणखी काहीतरी उजळ दिसलं. तो इडाचा चंद्र होता! जेमतेम दीड किलोमीटरचा. लघुग्रहाला चंद्र असतो याचा तो पहिला पक्का पुरावा. क्रीटमधल्या इडा पर्वतावर राहणाऱ्या पुराणातल्या जिवांवरून त्याला डॅक्टिल हे नाव मिळालं.

या चंद्राच्या फिरण्यावरून इडाचं वस्तुमान आजमावता आलं आणि त्यावरून घनता काढली. ती निघाली दर घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. कोंड्राइटचा भरीव दगड तीन ग्रॅमच्या वर भरतो. म्हणजे इडाच्या आत भेगा आणि पोकळ्या असाव्यात.

बातम्यांमध्ये डॅक्टिलच गाजला, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट इडाच्या पृष्ठभागावर होती. इडा विवरांनी खच्चून भरलेला आहे. वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेले फोटो एकत्र पाहिले तेव्हा दिसलं, की जुनी जमीन तांबूस आहे आणि ताज्या विवरांभोवतीचा नुकता उघडा पडलेला खडक निळसर झाकेचा आहे. शिवाय त्या ताज्या खडकाचा वर्णपट कोंड्राइटच्या दिशेने सरकलेला. एकच दगड, आत एका रंगाचा आणि बाहेर दुसऱ्या! सतत उन्हात राबणाऱ्या माणसाच्या हातावर जसा राप चढतो, तसा इडावर अवकाशाचा राप चढला होता.

हा राप चढतो कसा? अवकाशात हवेचं पांघरूण नाही. सूर्याकडून येणारे सौरवाऱ्याचे कण थेट दगडावर आदळतात आणि धुळीएवढे उल्काकण प्रचंड वेगाने येऊन थडकतात. त्या माऱ्यात खनिजातलं लोह सुटं होतं आणि दाण्यांच्या पृष्ठभागावर त्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे हे कण दगडाला गडद आणि तांबूस करतात. अशनी वातावरणातून येताना ही रापलेली कातडी जळून जाते, म्हणून प्रयोगशाळेत ती कधी सापडतच नव्हती.

तरी हा पुरावा लांबूनच घेतलेला. हातात दगड यायला हवा होता. ते काम जपानच्या हायाबुसा यानाने केलं. इतोकावा हा पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा, अर्ध्या किलोमीटरचा छोटा एस प्रकारचा लघुग्रह. त्यावरचे धुळीचे कण घेऊन यानाची कुपी जून २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात उतरली. कण इतके बारीक की बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसायचेही नाहीत. पण सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ‘साधारण कोंड्राइट’ जातीशी तंतोतंत जुळली आणि दाण्यांच्या कडेला ते लोहाचे सूक्ष्म कणही सापडले. वाद तिथे मिटला.

इडाचा पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींशी आणखी एक संबंध आहे. १९१८ साली जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी दाखवलं, की काही लघुग्रहांच्या कक्षा एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की ते एकाच मोठ्या पिंडाचे तुकडे असले पाहिजेत. अशा एका कुळाला कोरोनिस म्हणतात आणि इडा त्याच कुळातला. या कुळात टकरी अजूनही होत असतात. त्यातल्या एका टकरीतून सुमारे ५८ लाख वर्षांपूर्वी कारिन हा तुकड्यांचा घोळका जन्मला. लघुग्रहांच्या काळाच्या हिशेबात ही अगदी अलीकडची घटना. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींमध्ये जवळजवळ एक तृतीयांश असणारे एच जातीचे, म्हणजे जास्त लोह असलेले, कोंड्राइट मुख्यतः कोरोनिस कुळातल्या अशाच दोन तरुण घोळक्यांमधून येतात. तेव्हा कुठल्याही संग्रहालयात एच कोंड्राइट अशी चिठ्ठी लावलेला अशनी दिसला, तर थांबून नीट बघा. तो इडाच्या भाऊबंदांपैकी असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

नमस्कार.