चिंच, मोरचूद आणि कळीचा चुना

[दृश्य: नाशिक, गोदाकाठचा भांडी बाजार, सकाळ]

भांडी बाजारात दुकानं उघडली की आधी डोळ्यांत भरतं ते तांबं. नवा हंडा कसा लखलखीत! तोच घरी नेऊन वापरला की महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी पडतो, आच लागेल तिथे काळा होतो. तांब्याने हवेतला ऑक्सिजन धरला, त्याचं हे ऑक्साइड.

[दृश्य: मोरी, हंडा घासणारे हात]

आता आजींचे हात बघा. भिजवलेली चिंच, वर चिमूटभर मीठ. बोट फिरेल तिथला काळेपणा जातो आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं. बुडबुडा मात्र एकही येत नाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइडशी भिडतं, क्षार आणि पाणी होतं, आणि तो क्षार पाण्याबरोबर निघून जातो. खालच्या धातूवर या आम्लाचं काही चालत नाही, कारण तांबं आम्लातला हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. म्हणून हंडा झिजत नाही, उजळतो.

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये, असं आजी सांगतात त्याचंही कारण हेच. तांब्याचा क्षार ताकात उतरतो.

धातूंची ऑक्साइडं आम्लारिधर्मी असतात, हे वाक्य आपण दहावीत पाठ केलं. पण कॉपर ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, लाल लिटमसही निळा करत नाही. मग आम्लारी कसं? त्याची ओळख आम्लासमोरच पटते. परीक्षानळीत ही काळी पूड घ्या, विरल सल्फ्युरिक आम्ल ओता, जरा ऊब द्या. काळं हळूहळू विरतं आणि नळी निळीशार होते. हाच तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मला तरी शाळेच्या रसायनशास्त्रात याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

[दृश्य: दिंडोरीजवळची द्राक्षबाग, प्लॅस्टिकचे ड्रम]

डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने बागाईतदार हाच मोरचूद पाण्यात घालतात. पण त्याचं द्रावण आम्लधर्मी. नुसतंच फवारलं तर कोवळी पानं करपतात. म्हणून कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हेही धातूचंच ऑक्साइड, पण पाण्याला भिडणारं. पाणी पडताच फसफसतं, वाफ येते, ड्रम हाताला गरम लागतो. या दोघांच्या मिश्रणाला बोर्डो म्हणतात. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करून, थंड झाली की एकत्र ओततात. आंबटपणा मरतो, आकाशी रंगाचा दाट गढूळ काला तयार होतो.

चुना जुना असला तर मात्र कमी पडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याची धार गेलेली असते. म्हणून फवारणीआधी बागाईतदार विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून धरतात. पात्यावर तांबूस थर आला, म्हणजे तांबं अजून द्रावणात मोकळं आहे. मग चुन्याची निवळी आणखी थोडी, पुन्हा ढवळणं, पुन्हा विळा.

या खेपेला पातं जसं गेलं तसंच वर आलं. पंप सुरू झाला.